दुसऱ्याच्या रुळावरून

माथेरानला निघालात की पहिली अदलाबदल नेरळला होते. मुंबईहून आलेली लोकल ज्या रुळांवर उभी असते, त्या दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर. पलीकडे मिनी ट्रेन उभी असते, तिच्या रुळांमधलं अंतर फक्त ६१० मिलिमीटर. म्हणजे लोकलचा डबा इथून पुढे इंचभरही जाऊ शकत नाही. तुम्ही उतरायचं, पिशव्या उचलायच्या, दुसऱ्या गाडीत बसायचं. टॅक्सीने वर गेलात तरी सुटका नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे घोडा नाहीतर आपले पाय. हॉटेलचा किराणा असो की गॅसचा सिलिंडर, प्रत्येक गोष्ट एका वाहनातून उतरते आणि दुसऱ्यावर चढते.

आपल्याला ही पिकनिकची गंमत वाटते. पण ज्याला रोज शेकडो टन माल हलवायचा आहे, त्याच्यासाठी ही डोकेदुखीच. हमाली वाढते, वेळ जातो, मालाची मोडतोड होते. या डोकेदुखीशी आयुष्यभर झुंजलेला एक इंजिनीअर माथेरानच्या रेल्वेचा सल्लागार होता. त्यांचं नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. बार्शी-कुर्डुवाडी-पंढरपूर पट्ट्यातल्या जुन्या मंडळींना त्यांचं नाव नसेल माहीत, पण त्यांची गाडी पक्की माहीत आहे. ती म्हणजे बार्शी लाइट.

आयटी किंवा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला असाल, तर कॅलथ्रॉप तुमच्या जास्तच कामाचे आहेत. कारण त्यांनी रेल्वेत जो प्रश्न सोडवला, तोच प्रश्न शंभर वर्षांनी डेटा सेंटरमध्ये उभा राहिला. आणि उत्तरही जवळपास तेच निघालं.

शेतकऱ्याचा मुलगा, इंजिनाच्या कारखान्यात

कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशर भागातला. वडील शेतकरी. घरात भावंडं बरीच. त्यातले एक, गाय कॅलथ्रॉप, पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे जनरल मॅनेजर झाले. थोडक्यात, घराला रेल्वेचं वेड होतं.

एव्हरार्ड यांनी इंजिनं बांधण्याचं काम कारखान्यात राबून शिकून घेतलं. क्रू इथल्या रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केली. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये रेल्वे इंजिनीअरला कामाची कमतरता नव्हती, पण खरी संधी समुद्रापलीकडे होती. १८८२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ते भारतात आले आणि जीआयपी रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. जीआयपी म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज.

नोकरी चांगली होती. पण कामानिमित्त फिरताना त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. मोठ्या रेल्वेमार्गांनी मोठी शहरं जोडली, पण त्या मार्गापासून वीस-तीस मैलांवरच्या बाजारपेठा तशाच राहिल्या. बार्शी हे त्याचं ठळक उदाहरण. कापूस आणि गळिताच्या धान्याचा मोठा बाजार. पण जीआयपीचा मुख्य मार्ग जायचा कुर्डुवाडीवरून. बार्शीचा माल बैलगाड्यांनी कुर्डुवाडीपर्यंत यायचा. पावसाळ्यात रस्त्यांचा चिखल झाला की गाड्या रुतायच्या.

बार्शीपर्यंत ब्रॉडगेज टाकायची तर खर्च अफाट. तेवढ्या मालावर तो कधी वसूल झाला नसता. मग उपाय एकच. लहान, हलकी, स्वस्त रेल्वे. पण लहान रेल्वे म्हणजे खेळण्यातली रेल्वे, ती माल काय ओढणार, असं तेव्हा बऱ्याच जणांचं मत होतं.

बार्शीचा हट्ट

१८८७ च्या सुमारास कॅलथ्रॉप यांनी अशा जोडमार्गांसाठी लंडनमध्ये कंपनी नोंदवली आणि सरकारदरबारी पाठपुरावा सुरू केला. पाठपुरावा म्हणजे काय असतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. बोलणी चालली, थांबली, पुन्हा चालली. मधल्या काळात जीआयपीची नोकरी सुटली, ते इंग्लंडला परतले, सल्लागार म्हणून व्यवसाय सुरू केला. पण बार्शी डोक्यातून गेली नाही. अखेर १८९५ मध्ये परवानगीचं गाडं मार्गी लागलं आणि बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली. तोवर आठेक वर्षं गेली होती.

या आठ वर्षांत त्यांनी एक हिशेब पक्का केला होता. हलक्या रेल्वेत चूक कुठे होते? तर इंजिन जड असतं आणि डबे हलके असतात. रूळ मात्र सगळ्यात जड चाकाचा विचार करून टाकावे लागतात. म्हणजे एका इंजिनासाठी मैलोन्‌मैल महाग रूळ टाकायचे आणि त्यांच्यावरून अर्धे रिकामे असल्यासारखे हलके डबे पळवायचे. हा सरळसरळ तोटा.

कॅलथ्रॉप यांनी नियम केला की इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. आणि मालडबे असे बांधायचे की तेही त्या मर्यादेच्या जवळपास जातील. इंजिनाचं वजन जास्त आहे? मग त्याला जास्त चाकं द्या. बार्शीसाठी लीड्सच्या किट्सन कंपनीने जी इंजिनं बांधली, त्यांना एकमेकांना जोडलेली आठ चाकं होती आणि मागे आणखी चार. भार वाटला गेला. रूळ हलके राहिले, पण गाडी मात्र खरीखुरी मालगाडी झाली. रुळांमधलं अंतर होतं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

हे सगळं कागदावर छान होतं. पण लोकांना पटायचं कसं? १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे त्यांनी चाचणीचा मार्ग टाकला आणि बार्शीला जाणारे डबे आणि इंजिन तिथे सगळ्यांसमोर चालवून दाखवले. आधी डेमो, मग बोटीत चढवून भारतात. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावायला लागली. पुढे ती १९११ मध्ये लातूरला पोचली, दुसऱ्या बाजूने पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरज. एकूण लांबी झाली ३२५ किलोमीटरच्या आसपास. कापसाच्या गाठींसाठी सुरू झालेली गाडी कित्येक पिढ्यांच्या वारकऱ्यांची गाडी झाली.

माथेरानची गाडी

इकडे माथेरानमध्ये वेगळीच गोष्ट घडत होती. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हा डोंगर इंग्रजांच्या नजरेत आणला, तेव्हापासून मुंबईचे श्रीमंत लोक उन्हाळ्यात इथे यायचे. पण नेरळहून वर यायचं ते घोड्यावरून, पालखीतून नाहीतर चालत. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने इथे रेल्वे आणायचं ठरवलं. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतलं. पैसा घरचाच, सुमारे १६ लाख रुपये. १९०४ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि मार्च १९०७ मध्ये गाडी धावली. सल्लागार इंजिनीअर होते कॅलथ्रॉप.

इथला प्रश्न बार्शीपेक्षा वेगळा होता. बार्शीला सपाट माळरान, इथे उभा डोंगर. सुमारे २१ किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटरहून जास्त उंची गाठायची. चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट इतका तीव्र. वळणं इतकी अरुंद की इंजिनालाही बाक घेता आला पाहिजे. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची खास इंजिनं आणली. त्यांचे टोकाचे आस वळणानुसार थोडे सरकायचे. रूळही बार्शीपेक्षा अरुंद, दोन फुटांचे.

मार्ग एकेरी. वर जाणारी आणि खाली येणारी गाडी एकाच वेळी एकाच तुकड्यावर येऊन चालणार नाही. म्हणून जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशा मधल्या स्टेशनांवर एका गाडीने थांबायचं, समोरची येऊ द्यायची, मग पुढे निघायचं. जागा नसेल तर थांबा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

गाडीवर गाडी

हलकी रेल्वे स्वस्तात झाली, भारही वाटला गेला. पण नेरळचं आणि कुर्डुवाडीचं मूळ दुखणं शिल्लक होतं. जिथे रुळांचं माप बदलतं, तिथे माल उतरवून पुन्हा भरायचा.

यावरचा त्यांचा तोडगा इंग्लंडमध्ये पाहायला मिळाला. स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे जून १९०४ मध्ये सुरू झाली. इंजिनीअर कॅलथ्रॉपच. गेज बार्शीचंच, अडीच फूट. तिच्या एका इंजिनाला तर त्यांचंच नाव दिलं होतं. तिथे त्यांनी ट्रान्स्पोर्टर वॅगन वापरल्या. ही एक बसकी, लांब चौकट. खाली छोटी चाकं, छोट्या रुळांसाठी. वर मोठ्या मापाचे रूळ बसवलेले. मोठ्या रेल्वेचा भरलेला डबा ढकलत या चौकटीवर चढवायचा, चाकं घट्ट अडकवायची आणि निघायचं. आतला माल कुणी उघडायचा नाही, मोजायचा नाही, हलवायचा नाही. मोठा डबा छोट्या रुळांवरून जातो आहे हे त्या डब्याला कळतही नाही. पुढच्या स्टेशनांवर मोठ्या मापाच्या रुळांचे छोटे तुकडे टाकून ठेवले होते, तिथे डबा चौकटीवरून खाली उतरायचा. त्या खोऱ्यातलं दूध असंच बाहेर जायचं.

पण हे फुकटात झालं नाही. छोट्या रुळांवर मोठा डबा म्हणजे उंची वाढली. स्वेन्स्ली इथला बोगदा त्यासाठी मुद्दाम मोठा खणावा लागला. आणि असा एखादा बोगदा मोठा असून भागत नाही. वाटेतला एक जरी पूल बुटका राहिला, तरी सगळा खटाटोप वाया.

डेटा सेंटरमधलं नेरळ

आता कर्जत लोकलने उलट्या दिशेने, ठाण्यापर्यंत या आणि खाडी ओलांडून नवी मुंबईत शिरा. महापे, रबाळे, ऐरोली पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती दिसतील. आत हजारो सर्व्हर. तुमचा यूपीआयचा व्यवहार, रिझल्टचा पोर्टल, रात्रीची वेबसिरीज अशा इमारतींतून येते.

अशा डेटा सेंटरमध्ये वर्षानुवर्षं दोन वेगळी नेटवर्क होती. एक इथरनेट, म्हणजे सर्व्हर एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी बोलतात ते. दुसरं फायबर चॅनल, म्हणजे सर्व्हर आणि डिस्कचे साठे यांच्यातलं. दोन प्रकारची कार्डं, दोन प्रकारच्या केबल, दोन प्रकारचे स्विच. दोन गेजच म्हणा ना.

दोघांचे स्वभाव वेगळे. इथरनेट बिनधास्त आहे. स्विचमध्ये गर्दी झाली, जागा उरली नाही, की तो फ्रेम सरळ टाकून देतो. वेबपेजचं त्याने फारसं बिघडत नाही, कारण वरचा टीसीपी हरवलेला तुकडा पुन्हा मागवतो. फायबर चॅनल मात्र माथेरानच्या गाडीसारखं आहे. समोरच्याकडे रिकामी जागा आहे असं कळल्याशिवाय फ्रेम निघतच नाही. या परवान्याला क्रेडिट म्हणतात. कारण इथे प्रवास करतो तो डिस्कवर लिहायचा डेटा. सर्व्हरला वाटतं आपण डिस्कशी थेट जोडलेलो आहोत, आणि डिस्कची केबल मध्येच तुकडे गिळत नाही. एक फ्रेम गळली तर बऱ्याचदा पूर्ण वाचन किंवा लेखन पुन्हा करावं लागतं आणि डेटाबेस ताटकळतो.

दोन नेटवर्कचा दुप्पट खर्च टाळायचा म्हणून फायबर चॅनल ओव्हर इथरनेट आलं. थोडक्यात एफसीओई. त्याचं प्रमाणित रूप २००९ मध्ये ठरलं. युक्ती कॅलथ्रॉप यांचीच. फायबर चॅनलची अख्खी फ्रेम, आत हात न लावता, इथरनेटच्या फ्रेममध्ये ठेवायची. खालची चाकं इथरनेटची, वरचा डबा फायबर चॅनलचा. दुसऱ्या टोकाला डबा उतरवून घ्यायचा.

स्विचवर काय करावं लागतं

कॅम्पस इंटरव्ह्यूत नेटवर्किंगचा प्रश्न आला तर कामाला येईल, म्हणून जरा तपशिलात जाऊ. नुसती फ्रेम गुंडाळली म्हणजे काम झालं असं नाही. बोगदे तपासावे लागतात.

पहिली गोष्ट उंचीची. साध्या इथरनेट फ्रेममध्ये १,५०० बाइटचा माल मावतो. फायबर चॅनलची पूर्ण फ्रेम २,१४८ बाइटपर्यंत जाते. म्हणून स्विचवर या वाहतुकीपुरता एमटीयू वाढवावा लागतो, साधारण २,१५८ किंवा त्याहून जास्त. आणि तो वाटेतल्या प्रत्येक स्विचवर. एक जरी जुन्या मापावर राहिला तरी छोट्या फ्रेम आरामात जातात आणि मोठी आली की गळते. असा बिघाड शोधताना भलेभले घामाघूम होतात, कारण वरवर सगळं चालू दिसतं. म्हणूनच एफसीओईच्या सुरुवातीच्या ओळख-परेडीत, म्हणजे एफआयपी या प्रोटोकॉलमध्ये, स्विच मुद्दाम पूर्ण लांबीची फ्रेम पाठवून रस्ता आजमावतो. न्यूलेच्या चाचणीसारखंच.

दुसरी गोष्ट स्वतंत्र मार्गाची. स्टोरेजच्या वाहतुकीसाठी वेगळा व्हीलॅन ठेवायचा आणि तो फायबर चॅनलच्या बाजूच्या व्हीसॅनशी जोडायचा. मग एक आभासी फायबर चॅनल पोर्ट तयार करून तो खऱ्याखुऱ्या इथरनेट पोर्टला बांधायचा. डिस्कच्या साठ्याकडे जाणारे मार्ग नेहमी दोन ठेवतात आणि दोघांचे व्हीलॅन वेगळे. एक बंद पडला तरी दुसरा चालू.

तिसरी गोष्ट थांबण्याची. इथरनेटच्या फ्रेमवर ० ते ७ असा प्राधान्याचा आकडा लावता येतो. स्टोरेजला बहुधा ३ देतात. प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल चालू केला की स्विचची त्या आकड्याची रांग भरत आली की तो मागच्याला सांगतो, फक्त ३ नंबरवाले थांबा. बाकीची वाहतूक चालू राहते. जुम्मापट्टीला एक गाडी थांबली म्हणून नेरळची लोकल थांबत नाही, तसंच. पण थांब म्हटल्याबरोबर सगळं जागच्या जागी थांबत नाही. निरोप पोचेपर्यंत केबलमधून निघालेल्या फ्रेम येतच राहतात. त्यांच्यासाठी रांगेत थोडी जागा राखून ठेवावी लागते आणि केबल जितकी लांब तितकी ही जागा जास्त. ब्रेक मारल्यावर गाडी थोडी पुढे जातेच, त्याचा हिशेब आधी धरायचा.

चौथी गोष्ट वाटपाची. एकाच केबलमधून दोन्ही वाहतुकी जाणार, तर कुणी कुणाला उपाशी ठेवू नये. म्हणून किमान वाटा ठरवून देतात. समजा, निम्मा स्टोरेजला, निम्मा बाकीच्यांना. स्टोरेज शांत असेल तर त्याचा वाटा दुसऱ्याने वापरावा, पण ते जागं झालं की परत द्यावा. आणि शेवटी, हे सगळे नियम स्विचने सर्व्हरमधल्या कार्डाला कळवावे लागतात. त्यासाठी डीसीबीएक्स नावाची देवाणघेवाण असते. दोन टोकांनी वेगवेगळे नियम धरले तर एक थांबेल आणि दुसरा पाठवत राहील. मग अपघात ठरलेला.

थांबण्याचीही किंमत असते. एक सर्व्हर सतत थांब म्हणत राहिला तर त्याच्यामागे रांग लागते, त्या रांगेमागे आणखी रांग, आणि ज्यांचा काही संबंध नाही तेही अडकतात. घाटात एक ट्रक बंद पडल्यावर खोपोलीपर्यंत काय होतं ते आठवा. म्हणून कुठली वाहतूक थांबवायची आणि कुठली खुशाल टाकून द्यायची, हे विचार करून ठरवावं लागतं. सगळ्यालाच थांबण्याचा हक्क दिला तर सगळंच थांबतं.

पडणाऱ्यांसाठी

कॅलथ्रॉप यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध रेल्वेत गेलाच नाही. तो गेला पडणारी माणसं वाचवण्यात.

जुलै १९१० मध्ये बोर्नमथ इथे विमानाच्या अपघातात चार्ल्स रोल्स यांचा मृत्यू झाला. रोल्स-रॉइसमधले रोल्स. कॅलथ्रॉप यांचे ते मित्र. विमानं तेव्हा नवीन होती, लाकूड, कापड आणि तारांची. हवेत काही मोडलं तर वैमानिकाला दुसरी संधी नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या या रेल्वे इंजिनीअरने पॅराशूटवर काम सुरू केलं. १९१३ मध्ये पेटंट घेतलं. आपल्या पॅराशूटला त्यांनी नाव दिलं गार्डियन एंजल, म्हणजे पाठीराखा देवदूत. १९१६ मध्ये तर दाबलेल्या हवेने वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणाऱ्या खुर्चीचंही पेटंट घेतलं. इजेक्शन सीट नावाची गोष्ट प्रत्यक्ष विमानांत रुळायला त्यानंतर तीनेक दशकं जावी लागली.

पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. जानेवारी १९१७ मध्ये कॅप्टन क्लाइव्ह कॉलेट यांनी ऑरफर्डनेसला लष्करी विमानातून गार्डियन एंजल घेऊन उडी मारली आणि सुखरूप उतरले. शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत राहून आलेले ऑर्ड-लीस यांनी तर लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून दाखवली. इतक्या कमी उंचीवरूनही छत्री उघडते हे लोकांना दिसावं म्हणून. पुन्हा तीच न्यूलेची पद्धत, बोलण्यापेक्षा करून दाखवा.

या वेळी मात्र हट्ट कामी आला नाही. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला गार्डियन एंजल वापरलं गेलं. पण ब्रिटिश लढाऊ विमानांच्या वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत पॅराशूट मिळालं नाही. वजन जास्त आहे, जागा लागते, अजून भरवशाचं नाही, अशी कारणं पुढे होती. पॅराशूट दिलं तर वैमानिक विमान लवकर सोडतील, अशी शंकाही त्यामागे असल्याचं नेहमी सांगितलं जातं. समोर जर्मन वैमानिक १९१८ मध्ये पॅराशूट घेऊन उडत होते. इकडचे कित्येक तरुण, वयाने तुमच्याएवढेच, पेटलेल्या विमानासकट खाली गेले.

बार्शीला आठ वर्षं वाट पाहण्याची किंमत पैशांत मोजता येत होती. इथे ती माणसांत होती. एखादी यंत्रणा आखताना काय गळलं तर चालेल हे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा गळणाऱ्यांमध्ये नसतो. सर्व्हर रूममधल्या एका चौकोनात आकडा भरताना हे आठवलं तर बरं. त्या आकड्याच्या पलीकडे कुणाचा तरी पगार, कुणाचा तरी रिपोर्ट असतो.

मागे काय राहिलं

कॅलथ्रॉप यांना घोड्यांचंही वेड होतं. ते अरबी घोडे पाळायचे. घोड्याला मारझोड न करता मैत्रीने कसं शिकवावं, यावर त्यांनी १९२० मध्ये पुस्तक लिहिलं. ३० मार्च १९२७ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचं निधन झालं. बार्शी लाइट मिरजेला पोचली तेही हेच वर्ष.

लीक अँड मॅनिफोल्डची गाडी १९३४ मध्ये बंद पडली. ट्रक आले आणि डब्यावर डबा चढवण्यापेक्षा माल दारातून उचलणं सोपं झालं. आज त्या मार्गावर लोक चालतात, सायकली चालवतात. बार्शी लाइटही ब्रॉडगेज झाली. कुर्डुवाडीला आता गाडी बदलायला लागत नाही.

एफसीओईचंही थोडं तसंच झालं. सर्व्हरपासून पहिल्या स्विचपर्यंत ते बऱ्यापैकी रुजलं, पण फायबर चॅनलची सगळी जागा त्याने घेतली नाही. मग हे शिकायचं कशाला? कारण त्याच्यासाठी बांधलेला रस्ता कामाला आला. एआयची मॉडेलं शिकवताना हजारो जीपीयू एकमेकांशी इथरनेटवरून बोलतात, तेव्हा रोसी नावाचं तंत्र वापरतात. त्यातही फ्रेम गळू नये म्हणून तेच प्राधान्याचे आकडे, तोच थांबा, तीच राखीव जागा, सोबतीला गर्दी व्हायच्या आत इशारा देणारी सोय. डबा बदलला, बोगदा तोच राहिला.

आणि माथेरान? तिथे कुणी गेज बदललं नाही, बदलणं शक्यही नाही. डोंगरानेच ठरवलेलं माप आहे ते. २००५ आणि २०१९ च्या पावसात मार्ग वाहून गेला, दोन्ही वेळा पुन्हा उभा केला, पण दोन फुटांचाच. प्रत्येक ठिकाणी रूळ एक करणं हेच उत्तर नसतं. कधी रूळ एक करावे, कधी डबा उचलून दुसऱ्या रुळावर ठेवावा, आणि कधी मुकाट्याने उतरून गाडी बदलावी. त्या त्या जागी यातलं काय परवडतं याचा हिशेब कॅलथ्रॉप बार्शीत, स्टॅफर्डशरमध्ये आणि माथेरानच्या डोंगरात वेगवेगळा मांडत राहिले. नेरळला पुढच्या वेळी सामान घेऊन प्लॅटफॉर्म बदलाल, तेव्हा तो हिशेब तुमच्या पायाखालीच असेल.